धडधडीचं कारण

माझी लॉन्ड्री आणि शेजारचं चष्म्याचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे स्क्रू पडला तरी अलीकडे ऐकू येतो. त्यामुळे ही हकिकत मला फारशी कुणी सांगावी लागली नाही, आणि जिथे भिंतीचा उपयोग नव्हता तिथे बहुतेक वेळा मी स्वतः हजर होते.

चष्मेवाल्याला गल्लीत सगळे निवांत म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. पन्नाशी ओलांडलेला, लग्न न झालेला, गोल चेहऱ्याचा, मऊ बोलणारा माणूस. त्याच्या हातात चष्मा दिला की तो आधी काही वेळ नुसता बघत बसे. मग काड्या गरम वाळूच्या भांड्यात खुपसायच्या, बाहेर काढायच्या, केसभर वाकवायच्या, गिऱ्हाइकाच्या कानावर ठेवायच्या, दोन पावलं मागे जाऊन बघायचं, पुन्हा वाळूत. मंगळवारी देतो म्हणालेला चष्मा पुढच्या मंगळवारी मिळाला तर लोक नशीब समजत. पण एकदा त्याच्या हातचा चष्मा नाकावर बसला की तो पुन्हा घसरत नसे. म्हणून कुरकुर करत का होईना, सगळे त्याच्याकडेच जात.

दुकानाच्या वर दोन खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी एक गॅलरी. तिथे तो आणि त्याची मोठी बहीण राहत. ताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देताना त्यांना जे बोलता आलं नव्हतं, ते सगळं त्या आता बोलून घेत होत्या. भावावर त्यांचा भारी जीव, पण त्याच्या संथपणापुढे त्यांनी हात टेकले होते. हा जन्माला यायलासुद्धा दोन आठवडे उशीर करून आला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आमच्या रस्त्याच्या टोकाला बसचं शेवटचं स्थानक आहे. तिथे बस थांबते, चालक पाय मोकळे करतात, चहा पितात आणि परत फिरतात. त्यातल्या एका बसची चालक बाई होती. आमच्याच वयाची, उंचनिंच, खणखणीत हसणारी. नवरा फार वर्षांपूर्वी गेला होता, मुलगा नोकरीसाठी दूर होता. नोकरीला लागताना डोळ्यांची तपासणी झाली तेव्हा ती पहिल्यांदा चष्म्याच्या दुकानात आली, आणि तेव्हापासून सुट्टीची ती थोडकी मिनिटं तिथेच बसायची तिला सवय लागली. ती बोलायची, तो ऐकायचा. कुठल्या वळणावर कोण आडवा आला, कोणत्या आजोबांनी उतरताना तिला गोळी दिली, नवीन बसचा आरसा कसा वेडावाकडा आहे. तो ऐकता ऐकता काच पुसायचा. अधूनमधून काहीतरी बोलायला तोंड उघडायचा, शब्द जुळवायचा, तोवर तिची वेळ संपलेली असायची. ती पर्स उचलून निघायची आणि हा तोंड मिटायचा. असं कितीतरी वर्षं चाललं होतं. भिंतीपलीकडे इस्त्री फिरवता फिरवता मला अगदी चुटपुट लागायची.

मग एका वर्षी काहीतरी बदललं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या, कारण त्याचे शर्ट माझ्याकडे येत. एरवी आठवड्याचे तीन-चार शर्ट, तेही फारसे न मळलेले. आता रोज एक, मग रोज दोन, आणि सगळे घामाने भिजलेले. बाहेर लोक स्वेटर घालून हिंडत होते आणि याच्या दुकानात पंखा गरगरत होता. त्याच सुमारास त्याने एका मास्तरांना चष्मा ठरलेल्या दिवशी दिला. मास्तर इतके गांगरले की घरी जाऊन तो दुसऱ्याच कुणाचा तर नाही ना, हे बायकोला विचारून आले. पुढच्या आठवड्यात तर लोकांना चष्मे ठरल्या दिवसाच्या आधी मिळायला लागले. निवांत जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढायला लागला. बोलायला लागला. आधी जो माणूस हो आणि नाही यांच्यामध्येसुद्धा विचार करायचा, तो आता गिऱ्हाइकाला हवामानापासून निवडणुकीपर्यंत सगळं ऐकवून मगच सोडायचा.

आणि जेवण. ताई सांगत होत्या की हा सकाळी सहा अंडी आणि अर्धा पाव खातो आणि दहा वाजता पुन्हा याच्या पोटात कावळे ओरडतात. एवढं खाऊनही अंगाला काही लागत नव्हतं. गालांची गोलाई गेली, पँट कमरेत ढगळ झाली. ताईंनी त्या पँटी माझ्याकडे आणून दिल्या आणि मी त्या कमरेत टाके घालून आत घेतल्या. महिन्याभराने पुन्हा घेतल्या.

पण काळजी कुणाला वाटली नाही. खरं सांगायचं तर सगळे खूष होते. गिऱ्हाइकं खूष, ताई खूष, मीसुद्धा खूष. उशिरा का होईना, गाडी सुरू झाली असं आम्ही म्हणत होतो. आणि ती कशामुळे सुरू झाली याबद्दल गल्लीत कुणालाच शंका नव्हती. रात्री झोप नाही, छातीत धडधड, हाताला कंप, वजन उतरतंय, डोळ्यांत एक वेगळीच चमक. बसचे ब्रेक फुसकन वाजले की हा खुर्चीतून उडालाच. या दुखण्याला नाव द्यायला डॉक्टर कशाला हवा? पोस्टमनने दिलं, भाजीवाल्याने दिलं, ताईंनी तर कधीच दिलं होतं. त्याला स्वतःलाही तेच वाटत होतं. तो मला एकदा हळूच म्हणाला की वहिनी, एवढी वर्षं साठवून ठेवलं, आता ते आतून धक्के मारतंय.

त्यानेही मग मनाची तयारी चालवली. डोक्यावर मागे थोडं टक्कल पडलं होतं, तर केस दाट व्हायच्या गोळ्या आणल्या आणि काचांच्या खोक्यामागे दडवून ठेवल्या. त्याला वाटायचं मला माहीत नाही.

एका दुपारी ती आली, चष्मा काढून त्याच्या पुढे ठेवला आणि उजवी काडी ढिली झालीय म्हणाली. त्याने बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला. स्क्रू पडला. त्याने दुसरा घेतला, तोही पडला. तिसरा टेबलाखाली घरंगळला. मी इस्त्री बाजूला उभी केली. आणि पलीकडे निवांत एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, जे काही वर्षानुवर्षं बोलायचं राहिलं होतं ते सगळं बोलून मोकळा झाला. शेवटी त्याने विचारलं, माझ्याशी लग्न कराल का?

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, "मला विचार करायला थोडा वेळ द्या. आणि आधी खाली बसा. हात इकडे आणा."

बसच्या चालकांना प्रथमोपचार शिकवतात. तिने त्याचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली आणि पुन्हा एकदा मोजली.

"चष्मेवाले, हे माझ्यामुळे असेल तर मला आनंदच आहे," ती म्हणाली. "पण मग ते जरा जास्तच झालंय. उद्या डॉक्टरकडे जा. तुमचा रिपोर्ट आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चौकातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेला. ते म्हातारे झालेत, पण नजर पक्की. त्यांनी त्याला छातीबद्दल विचारायच्या आधी मान वर करायला लावली आणि पाणी प्यायला दिलं. घोट गिळताना गळ्याच्या उजव्या बाजूला, कॉलरच्या आत, एक सुपारीएवढी गाठ वर सरकली आणि खाली आली. रोज आरशापुढे दाढी करणाऱ्या माणसाला ती दिसली नव्हती. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्टमध्ये थायरॉईड गरजेपेक्षा खूप जास्त काम करतोय असं आलं, आणि त्यांनी चिठ्ठी देऊन मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथे आम्ही तिघं गेलो. ताईंना भावासोबत जायचं होतं, आणि ताई एकट्या बोलू लागल्या तर डॉक्टरला बोलता येणार नाही म्हणून त्याने मला चलायची विनंती केली. डॉक्टरीण तरुण होती, हसरी, आणि टेबलावर मनुष्याच्या गळ्याचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल होतं. ते तिने उचलून आमच्यापुढे धरलं. श्वासनलिकेवर पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथी, ती म्हणाली. शरीराचा वेग ही ठरवते. मेंदूकडून हिला सतत निरोप येत असतो, थोडं वाढव, थोडं कमी कर. तुमच्या रक्तात हिचा रस इतका जास्त आहे की मेंदूने निरोप पाठवणं जवळजवळ बंद केलंय, आणि तरीही ही थांबायला तयार नाही. म्हणून हृदय पळतं, घाम येतो, खाल्लेलं जळून जातं, हात कापतात.

"म्हणजे ते," निवांत म्हणाला आणि अडला. "म्हणजे ते दुसरं काही नव्हतं?"

दुसरं काय, ते डॉक्टरणीला कळलं नाही. आम्हाला दोघींना कळलं.

मग कारणं शोधायचा कार्यक्रम सुरू झाला. ताईंनी आपलं निदान तयारच ठेवलं होतं, चहा. माझं म्हणणं होतं की दिवसभर मान खाली घालून बारीक काम केल्यामुळे. डॉक्टरणीने दोन्ही ऐकून घेतली आणि दोन्ही प्रेमाने बाजूला ठेवली. ती म्हणाली, ग्रंथी अशी उधळायला मोजकी कारणं असतात आणि त्यातलं नेमकं कोणतं हे कळल्याशिवाय उपाय ठरवायचा नाही, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सगळ्यात जास्त वेळा काय होतं, तर शरीराचं संरक्षण करणाऱ्या यंत्रणेचाच घोटाळा होतो आणि ती विनाकारण ग्रंथीच्या मागे हात धुऊन लागते. हे घराण्यात असू शकतं, बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि कधी त्यात डोळे पुढे येतात. तिने त्याचे डोळे नीट तपासले. चष्मेवाल्याचे डोळे दुसरं कुणी तपासतंय हे मी पहिल्यांदाच बघितलं. डोळे ठीक होते. मग तिने विचारलं, मध्यंतरी ताप आला होता का, गळा दाबला की दुखतो का? कारण कधी एखाद्या तापानंतर ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेला रस बाहेर गळतो. ते काही दिवसांनी आपोआप थांबतं. बाळंतपणानंतर काही बायकांना असं होतं, तेही ती म्हणाली, आणि निवांतकडे बघून स्वतःच हसली. ताप आला नव्हता, गळा दुखत नव्हता.

पुढचा प्रश्न आयोडीनचा. आयोडीन हा या ग्रंथीचा कच्चा माल. समुद्री शेवाळाच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधं, हृदयाचं एक औषध, स्कॅनच्या वेळी टोचतात तो रंग, यांतून ते फार गेलं तरी ग्रंथी बिथरू शकते. त्यातलं त्याने काही घेतलं नव्हतं. मग तिने विचारलं, घरात कुणी थायरॉईडच्या गोळ्या घेतं का?

ताई घेत होत्या. त्यांची ग्रंथी उलट सुस्त होती. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपल्या गोळ्या आपल्या उशाशी असतात आणि त्यांना हात लावायची याची हिंमत नाही, असं त्यांनी कोर्टात सांगतात तसं सांगितलं. डॉक्टरणीने समजावलं की चुकून डबी बदलूनसुद्धा असं होतं, आरोप नाही. ताई म्हणाल्या, माझ्याकडून डबी बदलत नाही. तो विषय तिथेच संपला.

"आणि केसांच्या, नखांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या?" तिने विचारलं. "त्यातला एक घटक रक्ताच्या तपासणीला फसवतो. आजार नसताना रिपोर्टमध्ये आजार दाखवतो."

निवांत कानापर्यंत लाल झाला. मी छताकडे बघत बसले. ताईंनी आधी त्याच्याकडे, मग त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडे पाहिलं.

त्या गोळ्या बंद करून काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं. रिपोर्ट तोच आला, म्हणजे आजार खरा होता. मग स्कॅन झाला. अगदी थोडं, निरुपद्रवी प्रमाणातलं किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देऊन ग्रंथीचा कुठला भाग किती काम करतोय याचं चित्र काढतात. डॉक्टरणीने ते चित्र उजेडावर धरलं. सगळी ग्रंथी जवळजवळ काळोखात होती आणि उजवीकडे एकच ठिपका दिव्यासारखा पेटलेला.

ही गाठच सगळं करतेय, ती म्हणाली. बाकीची ग्रंथी बिचारी मेंदूचं ऐकून गप्प झोपलीय, आणि ही एकटी कुणाला न विचारता रात्रंदिवस रस बनवत सुटलीय. त्याने विचारलं, हे माझ्या कशामुळे झालं? ती म्हणाली, तुमच्या कशामुळेही नाही. कधीतरी एका पेशीत बारीकसा बदल होतो, चालू करायची कळ चालूच राहते, आणि त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या पेशी तशाच निपजतात. चहाने नाही, मान खाली घालून नाही, मनात काही साठवून ठेवल्यामुळेही नाही. अशी पेटलेली गाठ कर्करोगाची निघणं फारच विरळा, तेही आपण सोनोग्राफी करून बघून घेऊ. सोनोग्राफी झाली, त्यात तसं काही निघालं नाही. आमच्या जिवात जीव आला. ताई म्हणाल्या, इतकी वर्षं याची गाठ कुणाशी पडत नव्हती, पडली ती गळ्यातच. डॉक्टरीणही हसली.

निवांत मात्र हसला नाही. येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं आजाराची धास्ती घेतली असेल. पण त्याचं दुखणं निराळंच होतं. ते त्याने संध्याकाळी स्थानकावर जाऊन तिलाच सांगितलं. ते मला तिच्याकडून कळलं, कारण तिथे माझी भिंत नाही. तो तिला म्हणाला की तुम्ही उत्तर देऊ नका. तो प्रश्न मी विचारला की गाठीने विचारला हे मला ठाऊक नाही. एवढी वर्षं माझी छाती झाली नव्हती, आणि आता कळतंय की ती छाती माझी नव्हतीच. मी बरा झालो आणि पुन्हा तसाच मठ्ठ झालो, तर तुमची फसवणूक होईल.

तिने त्याला बसच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाली की बरं, मी थांबते. पण गाठीला एवढं अक्कलवान समजू नका.

घरी ताईंनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. तोपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांचं बोलणं तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं.

"अरे, गाठ फार तर घाई करायला लावेल," त्या म्हणाल्या. "पण कुणापाशी घाई करायची हे तिला कोण सांगणार? या रस्त्यावरून रोज एवढ्या बायका जातात. तू त्यांतल्या दुसऱ्या कुणाला का नाही विचारलंस?"

भाऊ नुसता जेवत राहिला.

आधी हृदय शांत करायच्या गोळ्या मिळाल्या, मग ग्रंथीला लगाम घालणाऱ्या. हळूहळू कंप गेला. शर्ट कमी झाले. पँटी मी पुन्हा सैल करून दिल्या. चष्मे पुन्हा उशिरा मिळू लागले आणि गिऱ्हाइकांनी पुन्हा कुरकुर सुरू केली. मास्तर तर मला येऊन विचारून गेले की याला ते आधीचं पुन्हा होणार नाही का?

कायमचा उपाय म्हणून त्याने ऑपरेशनऐवजी किरणोत्सारी आयोडीनची कॅप्सूल निवडली. आयोडीनची भूक त्या गाठीलाच, म्हणून ती कॅप्सूल तीच गिळते आणि आतून कोमेजत जाते. बाकी ग्रंथी झोपेत असल्यामुळे बहुतेक वाचते. फक्त त्यानंतर काही दिवस माणसांपासून लांब राहायचं, लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून तर फारच लांब. ताई तेवढ्यापुरत्या माझ्याकडे राहायला आल्या. दुकान बंद, आणि निवांत वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला. आम्ही जेवण जिन्यात ठेवायचो. येणारे-जाणारे खालून हात करायचे, तोही हात करायचा. मुलं त्याला विचारायची की तुम्ही अंधारात चमकता का? तो म्हणायचा, अजून बघितलं नाही, आज रात्री बघून सांगतो.

अशाच एका सकाळी तिची बस स्थानकावर येऊन लागली. ती खाली उतरली आणि तडक आमच्या दुकानांसमोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहिली. मध्ये रस्ता, वर गॅलरी. हातात एक कागद होता. तिला हळू बोलता येत नाही, आणि त्या अंतरावर ते उपयोगाचंही नव्हतं. भाजीवाला, पोस्टमन, मास्तर, मी, ताई, बसमधले उतारू, सगळ्यांनी ऐकलं.

"चष्मेवाले, मीपण रक्त तपासून घेतलं," ती म्हणाली. "माझा थायरॉईड अगदी नॉर्मल आहे."

"बरं झालं," तो वरून म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं.

"बरं कसलं? तुमच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की माझ्या छातीत धडधडतं. मला वाटलं तुमचंच दुखणं मला लागलं. आता डॉक्टर म्हणतात की दुखणं नाही. मग माझ्या धडधडीचं कारण काय, ते तुम्हीच सांगा."

भाजीवाल्याने काटा हातातच धरून ठेवला. निवांत खुर्चीतून उठला, कठड्याला दोन्ही हात टेकले आणि खाली बघत राहिला. त्याचा चेहरा एवढा फुललेला मी कधी पाहिला नव्हता.

"माझं उत्तर हो आहे," ती म्हणाली. "तुमचा रिपोर्ट यायचा तेव्हा येऊ दे. माझा आलाय."

मग तिने घड्याळ बघितलं, सुट्टी संपली म्हणाली आणि बसकडे पळत गेली. बस आमच्यासमोरून जाताना तिने हॉर्न वाजवला, ज्याला त्या रस्त्यावर बंदी आहे. ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या आणि रडत होत्या, आणि दोन्ही एकाच वेळी करताना बोलणं जमत नाही म्हणून वैतागत होत्या.

त्याचा रिपोर्ट यायला काही महिने गेले. या उपायाला तेवढा वेळ लागतोच, आणि निवांतला वेळ लागण्याचं काही वाटत नाही. मधल्या काळात ती रोज दुकानात येत होती. ती बोलायची, तो ऐकायचा, पण आता तिची सुट्टी संपायच्या आत तोही एखाद-दुसरं वाक्य पूर्ण करायचा. शेवटी एकदा डॉक्टरणीने फोन करून सांगितलं की सगळे आकडे जागेवर आलेत. ग्रंथीचा झोपलेला भाग जागा झाला होता आणि नेमून दिलेलं काम निमूटपणे करू लागला होता. पुढे कधी ती सुस्तावली तर ताईंसारखी रोजची गोळी घ्यावी लागेल, म्हणून अधूनमधून रक्त तपासत राहा, एवढंच ती म्हणाली.

त्याने दुकानाला कुलूप लावलं. मला काही बोलला नाही. पण त्याने स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता, जो मी सकाळीच दिला होता, म्हणून मी माझी इस्त्री बंद केली आणि भाजी घ्यायच्या निमित्ताने मागोमाग गेले. स्थानकावर तिची बस नव्हती. तो बाकावर बसला. एक बस आली, दुसरी आली, तो बसूनच. उशिरा तिची आली. उतारू उतरले, ती उतरली. तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. पूर्वी चष्मा बघत बसायचा तसा तिच्याकडे बघत राहिला. ती थांबली होती. घाई तिलाही नव्हती.

"मी आता पूर्ण बरा आहे," तो म्हणाला.

"हो का?"

"हो. सगळं जागेवर आलंय." आणि मग पुष्कळ वेळाने, "तरीपण होतंय."

"काय होतंय?"

"धडधड."

तिने त्याचं मनगट हातात घेतलं, पण घड्याळाकडे काही बघितलं नाही.

त्यांनी नोंदणी कचेरीत जाऊन लग्न केलं. साक्षीदार म्हणून एक सही माझी आहे आणि एक चौकातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांची. ताईंना सही करायची होती, पण त्या इतक्या बोलत होत्या की अधिकाऱ्याने आधी आम्हाला बोलावलं. आता वरच्या दोन खोल्यांत तिघं राहतात. ताई आणि ती, दोघी एकाच वेळी बोलतात आणि दोघींनाही समोरचीचं ऐकू येतं, हे मला कोडं आहे. मधे बसून निवांत जेवतो आणि त्याच्या चेहऱ्यावरून असं वाटतं की रेडिओवर आवडतं गाणं लागलंय.

लग्नानंतर तिने हट्ट धरला की याने गाडी चालवायला शिकायचं. त्याने आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बसडेपोमागचं मैदान मोकळं असतं. तिथे ती आपली जुनी छोटी गाडी घेऊन जाते आणि त्याला स्टिअरिंगपाशी बसवते. परवा तिने मला आणि ताईंना मागच्या सीटवर बसवलं. त्याने आरसा नीट केला, मग पुन्हा नीट केला, पट्टा ओढून पाहिला आणि गाडी सुरू केली. आम्ही मैदानाला एक फेरी मारली. आमच्या पुढून एक कुत्रा चालला होता, आणि तो आमच्यापेक्षा थोडा जोरात होता. ताई म्हणाल्या, अरे, जरा पाय दाब. बायको म्हणाली, राहू द्या हो, छान चाललीय. त्याने काचेतून बाहेर बघितलं, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि दुसऱ्या फेरीला गाडी वळवली.